बुरशीला ज्ञान पचत नाही

मृदा संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत सकाळी सकाळी आरडाओरडा ऐकू आला, तर कोणी मान वर करून बघत नसे. संचालक डॉ. ठाकूरदेसाई यांचा आवाजच मुळी पहाडी. पण आज त्या आवाजात घाबरगुंडी होती आणि तिचं कारण खिडकीतून सरळ दिसत होतं. संस्थेचा मळा पिवळाधमक पडला होता.

"इरावती, अगं गेल्या आठवड्यात ही भेंडी कशी तरारून आली होती! आणि नेमक्या आजच्या दिवशी मान टाकायची तिने?"

डॉ. इरावती गवाणकर आकडे वाचत होती. तिचं लक्ष समोरच्या पडद्यावरून हलत नव्हतं. उमेदीची सगळी वर्षं तिने या एका प्रयोगात घातली होती. कोकणच्या ज्या उघड्या कातळी सड्यावर गवताच्या काडीपलीकडे काही टिकत नसे, तिथे आज तीन मळे उभे होते. वर कातळवाडीच्या काजूवाल्यांचा, खाली तांबळबंदराच्या मासेवाल्या बायकांचा आणि मध्ये संस्थेचा. तिन्ही मळ्यांच्या पोटातून इरावतीने घडवलेली सहयोगी बुरशी पसरली होती. केसाहून बारीक धाग्यांचं तिचं तंतुजाल मुळांपर्यंत अन्न नेऊन पोचवत असे, आणि तिन्ही जालं जुळली की एका मळ्यातलं अन्न दुसऱ्या मळ्यालाही मिळणार होतं.

सगळं कसं छान चाललं होतं. पण तिन्ही मळ्यांच्या भागीदारीच्या करारात एक कलम होतं. तीनपैकी एक जरी मळा बुरशीमुळे दगावला, तरी बुरशी घातक ठरवायची आणि त्याच दिवशी जमीन तापवून सगळं जाल मारून टाकायचं. ते कलम बजावायचा अधिकार प्रयोगाला पैसा पुरवणाऱ्या शाश्वत सहयोग निधीच्या निरीक्षक यामिनी कारखानीस यांना होता, आणि त्यांची गाडी घाट उतरून खाली आली होती.

"मी म्हणतो, मळ्यावर हिरवी जाळी टाकू," संचालक म्हणाले. "लांबून काय कळतंय?"

"थांबा, सर!" इरावती एकदम खुर्चीतून उठली. "हे बघा. मागच्या आठवड्यात तिन्ही मळ्यांखालची जालं पहिल्यांदा एकमेकांना मिळाली. आणि बरोबर त्याच दिवसापासून आपल्याकडे येणारा अन्नाचा प्रवाह आटत गेलाय. सर, बुरशी बिघडलेली नाही. ती अगदी शहाण्यासारखी वागतेय!"

तिचा आनंद बघून संचालकांना तिच्या तब्येतीची काळजी वाटू लागली.

कारखानीसबाई आल्या त्या थेट मळ्यावरच. त्यांच्या पाठोपाठ तांबळबंदराच्या महिला संस्थेच्या अध्यक्ष शेवंतीकाकी मेतर येऊन बांधावर उभ्या राहिल्या. सुकलेल्या भेंडीकडे बघून त्यांना हसू आवरेना.

"इरावती बाय, तुमचो मळो सुकलो काय गो?"

कारखानीसबाईंना मात्र हसू आलं नाही. "डॉक्टर, कलम तुम्हाला ठाऊक आहे. मला दुसरा मार्ग दिसत नाही."

"पाच मिनिटं द्या मला, मॅडम," इरावती म्हणाली. "निसर्गातली बुरशी झाडाला खनिजं देते आणि बदल्यात साखर घेते. जे झाड जास्त देतं, त्याच्या पानात ती जास्त वाढते. मी तिचा हाच स्वभाव वाढवला, झाडाऐवजी अख्ख्या मळ्यापुरता. जिथे भरणा आहे तिथे ती धागे जाड करते. जिथे नुसती ओढ आहे तिथले आखडून घेते."

"मग इतके दिवस या मळ्याला कसं मिळत होतं?"

"कारण तिला निवड नव्हती! प्रत्येक मळ्याखाली तिचं वेगळं जाल होतं. जो समोर असेल त्याच्याशी जुळवून घेणं भाग होतं. मागच्या आठवड्यात जालं जुळली आणि तिला तिघं एकदम दिसले. कातळवाडी काजूच्या बोंडांचा चोथा घालते. तांबळबंदर माशांची डोकी-आतडी कुजवून केलेलं आंबवण घालतं. आणि आम्ही..." ती अडखळली.

"आम्ही ज्ञान देतो!" संचालक ताठ मानेने म्हणाले. "करारात स्पष्ट लिहिलंय."

"बुरशीला ज्ञान पचत नाही, सर."

शेवंतीकाकी पदर तोंडाला लावून हसल्या. "आमच्या आंबवणाचो वास इलो की नाकाक रुमाल लावतास. मग ती तुमका कित्याक वाढतली?"

"म्हणजे मळा मेला, हाच बुरशी नीट काम करत असल्याचा पुरावा?" कारखानीसबाईंनी भुवई उंचावली. "डॉक्टर, प्रयोग फसला की सगळेच असं काहीतरी म्हणतात."

"मग तुम्हीच तपासा. काकी, बादलीभर आंबवण मिळेल?"

बादली आली आणि तिच्याआधी वास आला. संचालक चार पावलं मागे सरकले. कारखानीसबाईंनी मात्र साडीचा पदर खोचला आणि स्वतःच्या हाताने ते काळपट पाणी वाफ्यात ओतलं. इरावतीने प्रवाहदर्शक बांधावर टेकवला. त्याच्या पडद्यावर संस्थेच्या मळ्याकडे येणारी रेघ धाग्याएवढी बारीक होती. सगळे तिच्यावर वाकून उभे राहिले. बराच वेळ काहीच हललं नाही.

मग रेघ जाड झाली. आणखी जाड झाली. कातळवाडीकडून अन्न सुटलं होतं आणि सरळ संस्थेच्या मुळांकडे धावत होतं.

"इली गो, इली!" शेवंतीकाकींनी टाळ्या पिटल्या. संचालकांनी वास विसरून थेट वाफ्यातच पाय घातला. इरावतीला तर हसावं की रडावं तेच कळेना. आजवर कोणत्याही भागीदारीत कोण राबतं आणि कोण नुसतं सहीपुरतं असतं, हे शोधायला समित्या बसत. इथे मातीच ते सांगत होती, आणि तेही कोणाची भीडभाड न ठेवता!

"मंजूर," कारखानीसबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजातही आता उत्साह होता. "या मळ्याखालचं जाल तर राहीलच, शिवाय जिल्हाभर न्यायचं. आणि डॉक्टर, कातळवाडीची भाजी मुंबईत हातोहात खपतेय. आज रोज दोन ट्रक जातात. त्यांचे पन्नास करू! जो जास्त पाठवेल, त्याला निधी जास्त."

टाळ्या पडल्या. इरावतीनेही हात जोडायला उचलले आणि ते तसेच राहिले.

पन्नास ट्रक. तिने प्रवाहदर्शकावर आकडा घातला आणि पुढच्या काही वर्षांचं चित्र मागवलं. पडद्यावर कातळवाडीची जाडजूड रेघ बारीक होत होत नाहीशी झाली. अगदी संस्थेची झाली होती तशीच.

संचालकांनी ते पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच तिला गप्प राहायला खुणावलं. मंजुरी मिळाली होती, जाल वाचलं होतं, आता एक शब्दही बोलायची गरज नव्हती. इरावतीने एकवार मळ्याकडे पाहिलं. गप्प बसणं तिला जमणार नव्हतं.

"मॅडम, असं केलं तर कातळवाडी मरेल."

टाळ्या थांबल्या.

"बुरशीला ट्रक दिसत नाही. तिला एवढंच कळतं, की या मळ्यातून काढून नेलं जातंय आणि परत काही येत नाही. चोथा घालून दोन ट्रकांची भरपाई होते, पन्नासांची होणार नाही. जो शहराला सगळ्यात जास्त खाऊ घालेल, त्यालाच ती आधी तोडेल."

"पण शहर फुकट कुठे घेतं? आम्ही पैसे मोजतो!"

कारखानीसबाई बोलल्या आणि त्यांनाच आपला सूर ओळखीचा वाटला. त्यांनी संचालकांकडे पाहिलं. संचालक आपल्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे बघत होते.

"पैसेही पचत नाहीत तिला," ते हळूच म्हणाले.

शहर चौथा भागीदार होतं आणि करारात त्याचं नाव नव्हतं. ते नुसतं जेवून उठत होतं. इरावतीला वाटलं, आता मंजुरी गेली. कारखानीसबाईंनी फोन काढला, तेव्हा तिने डोळेच मिटून घेतले.

"हॅलो, मुंबईच्या बाजारातून बोलताय ना? कातळवाडीचे ट्रक भाजी उतरवून रिकामे निघतात, ते थांबवा. तुमच्या मागच्या अंगणात ओला कचरा पडतो, तो निवडून त्यांत भरा... हो, कचराच म्हणाले मी... आजपासून, रोज... नाही हो, कोणी मागितलेला नाही." त्यांनी आंबवणाने बरबटलेला हात पदराला पुसला. "आपला वाटा आहे तो."