एकशे सत्त्याऐंशी नंबरची चाचणी

"कासव कुठे बसतो?"

जिन्यात केळं खात बसलेल्या माणसाला मी विचारलं.

"काय काम आहे?"

"डोकं फोडायचंय त्याचं."

"हां..." त्याने शेवटचा घास संपवला. "चौथा मजला. चला, सोडतो. मलाही तिकडेच जायचंय."

चारही मजले माझं तोंड सुरू होतं. तो मान डोलावत होता. "नालायकच दिसतोय," मध्येच म्हणाला. वर पोचल्यावर त्याने एक खुर्ची ओढली आणि स्वतःच तिच्यात बसला.

"फोडा."

*चाचणी १८६ — पास*
*चाचणी १८७ — नापास*
*शेरा: निरुपयोगी चाचणी. वगळून बांधले. — कासव*

निरुपयोगी! दुपारी हा शेरा पडद्यावर वाचला आणि मी तडक इथे आले. 'कासव' ही सही सोडली तर त्या माणसाला मी कधी बघितलंही नव्हतं.

दवाखान्यांसाठीचा हा प्रोग्राम मी लिहिते. कासव तो मूळ कोडपासून बांधून त्याचं लिनक्सचं पॅकेज करतो, म्हणजे दवाखान्यांच्या संगणकांवर थेट बसवता येईल असा संच. बांधताना दोनशे अकरा चाचण्या चालतात. एकशे सत्त्याऐंशी नंबरची एवढंच बघते, की रुग्णाची फाईल कुलूपबंद केली तर ती दुसऱ्या कुणाला उघडता येऊ नये.

माझ्या ताईचा रिपोर्ट तिच्याआधी तिच्या सासूबाईंनी वाचला होता. दवाखान्यातल्या कुणीतरी उघडी फाईल वाचून फोन केला होता. त्या आठवड्यात मी ही चाचणी लिहिली.

आणि पाच वाजता पॅकेज तीस दवाखान्यांत जाणार होतं. तिच्याशिवाय. आत्ता सव्वाचार.

"माझ्याकडे ती पास होते," मी म्हणाले.

"माझ्याकडे पडते. तीनदा चालवली."

"म्हणजे तुमचं मशीन भंगार!"

"मशीनला बोलू नका. मला बोला."

"तुम्हालाच बोलतेय!"

शेजारच्या टेबलावरचा टाइपिंगचा आवाज थांबला. कासवाने चौथ्यांदा चाचणी लावली. मी त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होते... त्याच्या मानेवर एक तीळ होता. त्याचाही मला राग आला.

*चाचणी १८७ — नापास*

आणि त्या ओळीच्या खाली, जिथे तो हुकूम टाईप करायचा तिथे — एक जाळीसारखं चिन्ह.

#

"हे चिन्ह... म्हणजे तुम्ही रूट म्हणून बसलाय?"

"नेहमीच. सारखा पासवर्ड कोण मारणार?"

"अहो शहाणे! रूट म्हणजे मशीनचा सर्वेसर्वा. त्याला कुठलंही कुलूप अडवत नाही! घरमालकाच्या हातात सगळ्या किल्ल्या देऊन म्हणायचं, बघा, दार उघडतंय, कुलूप निरुपयोगी!"

त्याचे कान लाल झाले. मग त्याने साधा वापरकर्ता तयार केला, नाव टाईप केलं: 'भांडखोर'.

"काय हे?"

"मशीनला खरं सांगावं."

पुन्हा बांधकाम सुरू झालं. ओळी सरकत राहिल्या — वीस मिनिटं. दोघंही एकाच पडद्याकडे बघत होतो. त्याने न विचारता दुसरी खुर्ची पायाने माझ्याकडे ढकलली. मी बसले.

*चाचणी १८७ — पास*

चार वाजून बेचाळीस मिनिटं. त्याने शेरा खोडला. नवा लिहिला: *चाचणी बरोबर. बांधणारा चुकला.* सगळ्या ऑफिसला दिसेल असा.

माझा राग उतरायला हवा होता. उतरतच नव्हता, मेला!

"एक बोलू?" तो हळूच म्हणाला. "तुमची चाचणी नुसतं 'नापास' म्हणते. का ते सांगतच नाही. मी बिचारा काय समजू?"

ताईही हेच म्हणते. 'तू फणकारतेस, पण कशाबद्दल, ते समोरच्याने ओळखायचं!'

"सरका," म्हणून मी त्याचा कीबोर्ड ओढला. कोपराला कोपर लागलं. त्याने हात काढला नाही. मी लिहिलं: *ही चाचणी रूट म्हणून चालवू नका. रूटला कुलूप लागत नाही, म्हणून ती पडेल.*

पाच वाजता पॅकेज गेलं. दोनशे अकराच्या दोनशे अकरा.

मी निघाले. तो जिन्यापर्यंत आला. खिशातून दुसरं केळं काढलं, परत ठेवलं.

"आज... कॉफी?"

"नाही."

मी दोन पायऱ्या उतरले. वरून आवाज आला, "नापास. कारण?"

मी थांबले. असा राग आला होता ना... त्याचा नाही, माझाच.

"कारण सात वाजता ताईकडे जायचंय. तिला सांगायचंय, आज काय झालं ते." मी वर बघितलं. "उद्या विचार. आणि विसरलास, तर खरंच डोकं फोडीन."