बंद तोंडाचा पाइप

ऐकायचं असेल तर नीट ऐका, मधे कुणी उठायचं नाही.

आमचे साडू, म्हणजे तुमच्या मावशीचे यजमान, हवा मोजायचं काम करायचे. लग्न ठरताना सासऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मुलगा हवा मोजतो म्हणजे नक्की करतो काय?" हसा. आम्हीही हसलो होतो. पण कारखान्यात हवा फुकट नसते बाबांनो. कंप्रेसर ढीगभर वीज खातो, हवा दाबून पाइपातून मशीनपर्यंत पोचवतो, आणि वाटेत एखादा सांधा सैल असला की ती फुस्स करून निघून जाते. किती जाते, कुठून जाते, हे शोधायला साडूंना बोलवायचे. सगळी मशीनं बंद, नुसता कंप्रेसर चालू. मग मीटरवर जो आकडा येईल ती निव्वळ गळती. म्हणून काम नेहमी सुट्टीच्या रात्री.

ही गेल्या फेब्रुवारीतली, दुसऱ्या शनिवारची रात्र. माझ्या लक्षात आहे, कारण रविवारी ते दोघं आपल्याकडे जेवायला यायचे होते. आले नाहीत.

त्या कारखान्याच्या फोरमननं फाटकातच तोंड वाकडं केलं. गळती निघाली की खापर त्याच्याच डोक्यावर फुटणार होतं.

"वीस वर्षं हे पाइप सांभाळतोय मी. तुम्ही एका रात्रीत माझी अक्कल काढायला आलात?"

"अक्कल कसली हो, आकडा काढायला आलोय," साडू म्हणाले. त्यांना वाटलं, हसेल. तो हसला नाही.

कंप्रेसरपाशी मीटर लावला. आकडा चांगलाच फुगलेला. साडू एकेका लाइनीचा व्हॉल्व्ह बंद करत गेले. शेवटी एकच लाइन चालू उरली, आणि निम्मी हवा तीच ओढत होती.

"ही कुठे जाते?"

"कुठे नाही. मागं जुनी शेड आहे. पाइपाचं तोंड लोखंडी झाकण लावून बंद केलंय कधीचं."

"मग हवा जाते कुठे?"

फोरमननं शेडकडे पाठ केली. मग म्हणाला, "तिकडे मोजू नका."

"का?"

"नका म्हटलं ना!"

साडूंना वाटलं, चोराच्या मनात चांदणं. मोबाइल तिथेच चार्जिंगला ठेवला, मीटर उचलला आणि शेडमध्ये गेले.

शेड रिकामी. एक दिवा. भिंतीलगत तो पाइप, आणि त्याच्या टोकाला गंजलेलं झाकण. साडूंनी झाकणाच्या अगदी जवळ पाइपाला भोक पाडून त्यात मीटरची दांडी सरकवली आणि नट आवळला. कान लावला. फुसफुस नाही. सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही.

तेवढ्यात मागं दार आपटलं. बाहेरून कडी लागली.

"मोजा आता रात्रभर!" फोरमनचा आवाज. मग लांब जाणारी पावलं.

साडूंनी दारावर लाथा घातल्या. त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कोण ऐकतंय? शेवटी दमून मीटरसमोर येऊन बसले.

आकडा चढत होता. मग उतरला. शून्यावर आला. मग उणे झाला.

त्या मीटरला हवेची दिशा कळायची. साधा आकडा म्हणजे हवा झाकणाकडे चाललीय. उणे म्हणजे झाकणाकडून परत येतेय. आता बंद झाकणातून हवा परत येईल कशी?

पुन्हा चढला. पुन्हा उतरला. उणे. पुन्हा चढला…

काय रे, जवळ का सरकलात?

थोड्या वेळानं साडूंच्या लक्षात आलं. आपण श्वास घेतला की आकडा चढतोय. सोडला की उणे होतोय.

त्यांनी श्वास रोखून धरला.

आकडा शून्यावर थांबला.

थांबूनच राहिला…

आणि चढायला लागला.

साडूंनी श्वास घेतला नव्हता.

त्यांची छाती आपोआप फुगली. आकडा चढतोय, छाती फुगतेय. बास. सोडायचाय. सोडता येईना. बरगड्या ताणल्या…

मग उणे.

हवा निघाली. सगळी. तरी निघतच राहिली. घेता येईना. डोळ्यांपुढे अंधारी. ते गुडघ्यांवर पडले. चाचपडत हात नटापर्यंत गेला. फिरवला. दांडी उपटली.

त्या भोकातून सणसणीत झोत यायला हवा होता. आला नाही. हवा आली ती हळूहळू, अगदी तोंडावर. कंप्रेसरची हवा कोरडी असते. ही ओलसर होती. कोमट. पोटात कधीचं काही नसलेल्या माणसाच्या तोंडाला येतो, तसा वास…

त्याच वेळी दार उघडलं. साडूंनी छातीभर हवा ओढली आणि सरपटत बाहेर आले. फोरमनची गचांडी धरली. आवाज फुटेना, नुसतं घोगरं निघालं, "जीव घेणार होतास माझा?"

फोरमन पांढराफटक. "साहेब, मी अर्ध्या तासामागंच आलो होतो. राग उतरला, कडी काढायला आलो. तुम्हीच आतून बोललात."

"मी? काय बोललो?"

"'थांब. थोडाच उरलाय.'"

"माझा आवाज होता?"

"तुमचाच."



सोमवारी मालकांनी ते झाकण काढायला लावलं. साडू हट्टानं समोर उभे राहिले. बोल्ट इतके गंजलेले, की पाना चालेना. कापावे लागले. म्हणजे कुणी हात लावला असेल ही शक्यताच नाही. आत पाइप रिकामा. कोरडा ठणठणीत. साडूंनी दांडीसाठी पाडलेलं सोडलं तर सुईएवढं भोक नाही.

झाकणाच्या मागं रबराची एक जाड चकती दाबून बसवलेली होती. ती निघाली.

तिच्या पाइपाकडच्या बाजूवर दातांचे ठसे होते. माणसाच्या. वरचे, खालचे, सगळे.

फोरमननं बोट लावून पाहिलं.

ओले होते.