खालचा दात

"दूध आटेस्तोवर तिला दुपारची एकटी सोडू नको, सूनबाई."

शेजारच्या भिकाबाईंनी मला हे बजावलं, तेव्हा मी नुसती मान हलवली. मनात म्हटलं, मी बी.एस्सी. झालेली, मला काय सांगता.

हे आमच्या घरात घडलंय. रचून सांगायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही.

यंदाची सोयाबीन काढणी चालू होती. आमचं गाव जवळा बाजारच्या अलीकडे. संगिता माझी धाकटी जाऊ. तिची सृष्टी आणि माझी आरोही बरोबरीच्या. दोघी एकाच पाळण्यात झोपायच्या.

सृष्टी तापात गेली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा उन्हं उतरली होती.

आमच्याकडे दात न आलेलं लेकरू पुरतात. दात आलेला असला तर अग्नी देतात.

सासरे व्यंकटराव उंबऱ्यातूनच म्हणाले, "तान्हं हाये. मातीच द्यायची."

"न्हाई मामा," संगिता म्हणाली. "दात आलाय तिला. खालचा. पाजताना चावली मला."

भिकाबाईंनी सृष्टीच्या हिरडीवरून बोट फिरवलं. सोयाबीन कापून कापून राठ झालेलं बोट.

"काही लागंना. नुसती सूज हाये."

"अवो, मला लागला ना तो! तुमाला काहून लागंल? जाळा मामा तिला. मातीत थंडी वाजंल."

सगळे थकलेले. कुणाला वाद नको होता.

ओढ्याकाठी पुरलं. वर बाभळीच्या काट्या ठेवल्या.

संगिता रडली नाही. दूध मात्र थांबेना. सारखा ब्लाऊज ओला.

मग बाजाराचा दिवस आला. घरात आम्ही दोघी जावा आणि आरोही. पाजता पाजता माझा डोळा लागला.

जाग आली ती आवाजानं...

चुटुक... चुटुक...

लेकरू दूध ओढतं तो आवाज. आईला तो झोपेतही कळतो.

आरोही माझ्या कुशीत गाढ झोपली होती.

आवाज मागच्या खोलीतून येत होता.

मी दार ढकललं. संगिता भिंतीला टेकून बसलेली. छातीवर पदर ओढलेला. मांडीवर...

काहीच नाही.

आवाज थांबला.

"दार लावा ताई. वारं लागून राहिलं तिला."

त्या दिवसापासून तिचा ब्लाऊज कोरडा राहू लागला.

अंघोळीला पाणी देताना मला तिच्या छातीवर खूण दिसली. बारीक, लाल. एका दाताची.

"दुसराबी येऊन राहिलाय," संगिता हसून म्हणाली. किती दिवसांनी हसली होती.

पुढच्या बाजारापर्यंत खुणा दोन झाल्या.

संगिता खंगत चालली. जेवायची सगळं, अंगी काही लागेना. मी सासऱ्यांना आणि भिकाबाईंना सांगितलं. म्हटलं, अजूनही अग्नी देता येईल का?

"मातीत दिलेलं वर काढू न्हाई," भिकाबाई म्हणाल्या. पण आपल्या बोटाकडे बघत राहिल्या.

सासरे म्हणाले, "आता काय बी केलं तरी चूकच हाये, सूनबाई. मला उमजंना."

शेवटी संगिताला माहेरी पाठवली. नरसीला. घर शांत झालं.

आज सकाळी मी आरोहीला पाजत होते. एकदम कळ गेली. ओरडलेच मी.

खाली पाहिलं...

दोन दातांची खूण.

आरोहीच्या तोंडात बोट घातलं. वर फिरवलं, खाली फिरवलं. सगळी हिरडी मऊ. माझ्या लेकीला अजून एकही दात आलेला नाही.

मग मनात आलं... भूक लागली म्हणून सृष्टी इकडे आली असेल, तर तिकडे दूध संपलं असणार.

तेव्हापासून संगिताला फोन लावतेय. रिंग जाते. उचलत नाही.

तिचे आई-वडील दिवसभर रानात असतात. आमचे हे आणि दीर गाडी घेऊन निघालेत, पण पोचायला वेळ लागेल. मी आरोहीला खाली ठेवलेलं नाही. पाजायचंही धाडस होत नाही. ती रडतेय.

नरसीत कुणी हे वाचत असेल, तर मंदिराच्या रस्त्याला निळ्या दाराचं घर आहे. दार वाजवत बसू नका, ढकला.

संगिताला एकदा बघून या.