बकरीची गाठ

चहा झाला का सगळ्यांचा? मग तो वरचा दिवा घालवा. पाहुणे झोपलेत, मॅनेजर झोपलाय, आता हा मागचा डेक आपला. आणि झाहर, तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे.

ही वहबाची गोष्ट. आमच्या बोटीवर खोल्या आवरायचा. टॉवेलची माकडं आणि मगरी करून पलंगावर ठेवायचा, गोऱ्या म्हाताऱ्या खूश. पण खलाशी म्हणून अगदी ढ. घरची बकरी बांधायचा ती एक गाठ सोडली तर दुसरी येत नव्हती. आडवे दोन वेढे आणि टोक खाली खोचलेलं. आम्ही त्यावरून त्याला फार छळायचो.

सप्टेंबरातली अमावास्या, गुरुवारची रात्र. बोट नाईलकाठी एडफूला लागलेली, सकाळी पाहुण्यांना होरसच्या देवळात न्यायचं होतं. साडेअकराला वहबाला मेहुण्याचा, बदवीचा फोन आला. शुरूकला विंचू चावला होता. सात वर्षांची पोर, वहबाची एकुलती एक. गावच्या दवाखान्यातलं विंचवावरचं औषध संपलेलं. आमच्या बोटीच्या डॉक्टरकडे फ्रीजमध्ये एक बाटली होती, पाहुण्यांसाठी ठेवलेली. भला माणूस, एक प्रश्न न विचारता त्यानं ती बर्फाच्या डब्यात घालून दिली. बदवी मोटारसायकल घेऊन धक्क्यावर येणार होता. वहबानं डबा घेऊन किनाऱ्यावर जायचं, एवढंच काम.

आता किनाऱ्यावर कसं जातात ते तुम्हाला काय सांगायचं. धक्का तोकडा, बोटी उदंड. म्हणून एकीला खेटून दुसरी बांधायची, आणि बाहेरच्या बोटीवरच्यानं मधल्या सगळ्या बोटींच्या लॉबीतून दारं ओलांडत जायचं. त्या रात्री आमची किनाऱ्यापासून चौथी होती. मध्ये तीन.

पहिलीतला पहारेकरी म्हणाला, "काय वहबा, बायकोनं बोलावलं वाटतं एवढ्या रात्री?" वहबा थांबला नाही. दुसरीत सगळे पेंगत होते. तिसरीतून धावतच जाऊन त्यानं दार ढकललं. पुढचं पाऊल किनाऱ्याच्या फळीवर पडायला हवं होतं.

गालिच्यावर पडलं.

आणखी एक बोट होती. सगळे दिवे लागलेले. गालिचा ओला, पायाखाली पचपचत होता. टेबलांशी पाहुणे बसलेले, कपडे झकपक, पण बोलत कुणी नव्हतं. दाराशी एका वेटरनं करकदेच्या गार सरबताचा लाल ग्लास पुढे केला, देवळातून परतलेल्यांना आपण देतो ना, तसा. "नंतर, भावा, घाई आहे," म्हणत वहबानं पलीकडचं दार उघडलं.

तोच गालिचा. तेच पाहुणे. तोच ग्लास.

तो पुन्हा धावला. पुन्हा तेच... मागे फिरला. मागेही तेच.

फोन वाजला. बदवी रडत होता. "कुठे मेलास रे? घरून फोन आला, पोरीला झटके येतायत."

"आलोच. दारात आहे."

"कुठल्या दारात? मी दारासमोरच उभा आहे, वहबा. इथे कुणी नाही..."

वहबानं फोन खिशात टाकला. डबा हलवून पाहिला, आत बर्फाचं पाणी झालं होतं. मग त्याला लाजलज्जा काही उरली नाही. टेबलाटेबलाशी जाऊन रडला तो. "तुमच्या लेकरांची शपथ घालतो. जाऊ द्या मला. माझी पोर मरतेय."

कुणी मान वर केली नाही.

कोपऱ्यातून एक म्हातारा उठला. सुकाणूवाल्यांचा पायघोळ झगा, बाह्या कोपरापर्यंत जळालेल्या.

"तुम्ही दोर कापलात," तो म्हणाला. "शेजारी असून."

तेव्हा वहबाला ऐकलेलं आठवलं. त्याच धक्क्यावर पूर्वी एक बोट पेटली होती. आग पसरू नये म्हणून शेजारच्यांनी तिचे दोर कापले आणि तिला प्रवाहात ढकलून दिली. आत माणसं होती. वहबा तेव्हा पाळण्यात होता, पण त्या माणसांना ते कोण सांगणार?

म्हाताऱ्यानं त्याच्या हातात दोर दिला.

"धक्क्याला बांध."

"मला गाठी येत नाहीत, बाबा."

"येते ती बांध."

...दार उघडलं. समोर फळी. बदवी. मोटारसायकल चालूच. वहबाच्या एका हातात डबा, दुसऱ्यात दोर. टाकून पळता आलं असतं. तो टाकणारही होता, हे त्यानंच मला सांगितलंय. पण मागे... अगदी मानेशी... कुणीतरी श्वास रोखून उभं होतं.

तो धक्क्यावरच्या लोखंडी कडीशी वाकला. बदवीनं त्याच्या पाठीत गुद्दा घातला. "पोर मरतेय आणि तू काय बांधतोयस? हातात काय आहे तुझ्या? काही नाहीये!"

दोन वेढे. टोक खाली.

मग गेले दोघं.

शुरूक वाचली. नववीत आहे आता. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर गेली असती. वहबा मात्र परत बोटीवर चढला नाही, आज एडफूच्या बाजारात टोपल्या विकतो.

झाहर, आता हस की.

शुक्रवारी सकाळी बाकीच्या बोटी सुटल्या, आमची सरकून धक्क्याला लागली. बाकी धक्का रिकामा. आमची निघता निघता कप्तान मला म्हणाला, "शाझली, कडीला कुणाचा तरी दोर राहिलाय, सोडून ये." मी उतरलो. काळा, जळका दोर. कडीला बकरीची गाठ. दुसरं टोक पाण्यावरून पुढे गेलेलं आणि खाली बुडालेलं. समोर बोट नव्हती, काहीच नव्हतं.

दोर ताणलेला होता.

मी गाठ सोडली नाही.