हरकतीची मुदत

बसा. तीन वाजायला वीस मिनिटं आहेत, तेवढ्यात सांगून होईल.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. कुठला सर्व्हर किती राबतो, कुठला नुसती वीज खातो, हे मी बघतो. जो दहा टक्क्यांच्या खाली, तो माझ्या यादीत. मग सगळ्या ऑफिसला, आणि यादीत चुकून राहिलेल्या बायकोच्या पत्त्यावरही, मेल जातो: अमुक यंत्र वापरात नाही, चौदाव्या दिवशी बंद करू, हरकत असल्यास त्या दिवशी दुपारी बारापर्यंत कळवा. तो मेल कोणी वाचत नाही. चौदाव्या दिवशी मी वायर काढतो आणि कोण बोंबलतं याची वाट बघत बसतो. कोणीच बोंबललं नाही, तर यंत्र भंगारात. निर्दयी म्हणा हवं तर, पण आमच्यात असंच चालतं.

हे काम मला मास्तरांनी शिकवलं. त्यांचं सगळं आयुष्य सतरा नंबरच्या जुन्या सर्व्हरपाशी गेलं. मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? माझ्या प्रत्येक आकड्यात चूक काढायचे, तेही चारचौघांत. वरून माणसं कमी करायचा हुकूम आला, तेव्हा मी यंत्रांचंच माप माणसांना लावलं. मास्तर: चार टक्के. त्यांची हरकत आली, पण एक दिवस उशिरा. मी उत्तर दिलं, 'मुदत संपल्यावर आलेली हरकत धरली जात नाही.' लिहिताना मला बरं वाटलं होतं. नोकरी गेली, आणि आठ महिन्यांत मास्तर वारले.

मग उरला सतरा नंबर. दोन आठवड्यांपूर्वी, भर दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मी त्याची वायर काढली. पंखा घरघरत थांबला. जळक्या धुळीचा वास आला. टेबलाशी येऊन स्क्रीन बघितला, तर सतरा नंबरच्या वापराचा आलेख चालूच. चार टक्के, सरळ रेघ. परत आत गेलो. वायर जमिनीवर पडलेली, दिवे विझलेले. पत्र्यावर हात ठेवला... तो गरम होता, आणि आत काहीतरी सावकाश फिरत होतं.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. चला, कोणीतरी बोंबललं एकदाचं, म्हणून मी उचलला.

"कोणी काढली वायर?" हळू आवाज. मास्तरांचा.

"मी... वापर नव्हता."

"बरोबर आहे... आता तुझा वापर बघतो."

मी फोन आपटला. कोणाला सांगितलं नाही. सांगून स्वतःचं हसं कोण करून घेणार?

आज पाऊण वाजता पाठवलेल्या मेलचा कप्पा उघडला, तर तिथे एक मेल. माझ्याच नावानं, वायर काढली त्याच दिवशी तीन अकराला, माझ्या ओळखीच्या प्रत्येकाला गेलेला. यंत्राच्या जागी माझं नाव. वापर चार टक्के. बंद करण्याची वेळ चौदाव्या दिवशी, म्हणजे आज, तीन दहा; हरकतीची मुदत बारालाच संपलेली. उत्तर एकच आलं होतं, बायकोचं. 'हरकत नाही.'

मी तिला फोन लावला. "अगं, हे काय लिहिलंस?"

"तो ऑफिसचा मेल? तुझे असले मेल कोण वाचतं रे! तूच म्हणालास ना, काही आलं तर हरकत नाही लिहून टाकत जा."

"आत्ताच्या आत्ता लिही, हरकत आहे म्हणून... लिही."

तिनं लिहिलं. माझा आवाज ऐकून ती रडायलाच लागली होती. मिनिटाच्या आत तिला माझ्या पत्त्यावरून उत्तर गेलं. ते मी लिहिलं नव्हतं, मी तर फोन दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. 'मुदत संपल्यावर आलेली हरकत धरली जात नाही.'

तुम्हालाही तो मेल आला होता. नाही, आता बघू नका, उपयोग नाही. खरं तर मला तुमचा संतापच आलाय. चौदा दिवस माझ्या शेजारी बसून चहा प्यालात. एक ओळ लिहायला काय जात होतं तुमचं?

असो. मला मरायची भीती वाटते, आणि तीन दहाला एकटं बसायचं नाही, म्हणून तुम्हाला बोलावलं. तो स्क्रीन बघा. वरची रेघ सतरा नंबरची. यंत्र परवाच भंगारात गेलंय. तिच्याखालची माझी, आज दुपारी उगवली. माझी छाती धडधडते तशी ती हलते.

आणि तिच्याखाली, तुम्ही खुर्चीत बसलात तेव्हापासून, आणखी एक सुरू झालीय.