स्टुलावरची बाई

‘राज्यातील कोणतीही स्त्री आता एकटी बाळंत होत नाही.’ प्रसूतिसेवा मंडळाच्या वार्षिक निवेदनाचे हे पहिले वाक्य. वाक्य सुबक आहे. त्यात अभिमान आहे, आणि ‘आता’ या शब्दातून मागच्या सगळ्या पिढ्यांची केलेली कीवही आहे. ते असत्य आहे असे म्हणता येत नाही, कारण ते खरे ठरावे अशी व्यवस्था मंडळाने आधीच करून ठेवली होती. निवेदनाच्या अखेरीस, बारीक अक्षरांत, ‘सोबत’ या शब्दाची व्याख्या दिलेली आहे: ‘प्रसववेदनेच्या काळात कटिभागावर योग्य क्षणी योग्य दाब देणारे कोणतेही माध्यम.’ या व्याख्येत माणूस बसतो, यंत्र बसते, आणि थोडा आग्रह धरला तर भिंतही बसते. बाईने योग्य क्षणी तिला टेकायचे, एवढेच.

मंडळाच्या मनात अर्थातच भिंत नव्हती, करपट्टा होता.

करपट्टा हे यंत्र वाईट नव्हते, हे आधीच सांगितले पाहिजे. कमरेभोवती गुंडाळायचा मऊ, रुंद पट्टा; पुढच्या बाजूला गर्भाशयाच्या स्नायूंतली विद्युत्स्पंदने टिपणारे संवेदक, मागच्या बाजूला हवेने फुगणाऱ्या लहान लहान पेशी. कळ उठते आहे हे बाईच्या आधी पट्ट्याला कळे, आणि माकडहाडाच्या वर नेमक्या जागी, तळहाताएवढा रुंद आणि तळहाताइतकाच उबदार दाब सुरू होई. कळ ओसरली की दाबही ओसरे. हा दाब कुणी कल्पनेने ठरवलेला नव्हता. अनुभवी परिचारिकांना दाबमापक मोजे घालायला देऊन त्यांचे हात काय करतात ते टिपण्यात आले, आणि त्या सगळ्या हातांमधून एक आदर्श हात घडवण्यात आला. तो थकत नसे, रजा मागत नसे, शेजारच्या खाटेकडे धावत नसे. डॉ. अनिरुद्ध सबनीस यांनी या हाताची परिचारिकांशी तुलना करणारी मोठी चाचणी घेतली. हात उत्तीर्ण झाला. मग प्रसूतिकेंद्रांतून सोबतीच्या परिचारिकांची पदे एकेक करून मावळली आणि त्याबद्दल मंडळाला पारितोषिकही मिळाले.

उदगीरच्या प्रसूतिकेंद्रात एका दुपारी स्वरा ढोबळे या बाईने करपट्टा नाकारला. तिला नववा महिना लागला होता आणि ती रीतीप्रमाणे पट्ट्याचे माप द्यायला आली होती. बाजारपेठेत तिचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान होते. पहिल्या बाळंतपणाला तिने हाच पट्टा वापरला होता, तोही सबनीसांच्या मूळ चाचणीत, आणि त्या वेळच्या ‘अत्यंत समाधानी’ स्त्रियांत तिची गणना झाली होती.

“हा नको. पहिल्या खेपेचा द्या,” ती म्हणाली.

“तोच आहे हो ताई,” केंद्राचा तंत्रज्ञ म्हणाला. “वरचं कापड तेवढं बदललंय.”

“दिवसभर मी हेच सांगते गिऱ्हाइकाला. मला नका सांगू. आतलं काहीतरी काढलंय तुम्ही.”

योगायोगाने त्या दिवशी डॉ. माणिक उजागरे केंद्रात होत्या. त्या परिचर्या महाविद्यालयात संशोधनपद्धती शिकवत, आणि मंडळाने त्यांना ‘वापरकर्त्यांचे समाधान’ मोजण्यासाठी पाठवले होते. म्हणजे उत्तर ठरलेले होते, फक्त प्रश्न विचारायचे राहिले होते. त्यांनी हसण्यावारी न नेता भांडारातून चाचणीच्या काळातला जुना पट्टा काढून आणवला. तंत्रज्ञाने तो स्वराला बांधला आणि खोटी कळ देऊन चालवून दाखवला. स्वराने डोळे मिटून घेतले. खोलीत पेशी फुगल्याचा बारीक आवाज झाला.

“हाही नाही.”

“मग आता काय, माझा हात देऊ?” तंत्रज्ञ म्हणाला.

“तुमचा हात घरी भांडी घासायला राहू द्या.”

माणिक उजागरे यांनी तंत्रज्ञाला बाहेर पाठवले आणि त्या स्वराजवळ बसल्या. “पहिल्या वेळी खोलीत अजून काय काय होतं?”

“काय असणार? खाट. पंखा. ती ताई.”

“कोणती ताई?”

“स्टुलावरची. हातात बटण घेऊन बसलेली. कळ आली की दाबायची, गेली की दाबायची. एक शब्द बोलली नाही बगा. मी तिला शिव्या घातल्या, पाणी मागितलं, आईच्या नावानं रडले, तरी ही आपली गप्प. पण कळ उतरली की मी श्वास सोडायचे ना, तवा ती पण सोडायची. मोठ्यानं. जशी काय तिचीच उतरली. मला वाटायचं, चला, दोघी आहोत. तिला बोलवा ना मॅडम. मग पट्टा कुठला का असेना.”

संशोधनपद्धती शिकवणाऱ्या माणसाला एखाद्या क्षणी आपला विषय अंगावर आल्यासारखे होते, तसे माणिक उजागरे यांचे झाले. चाचणीचा आराखडा त्यांना पाठ होता. दरवर्षी त्या तो उत्तम नमुना म्हणून विद्यार्थिनींना शिकवत. एका गटातील स्त्रियांना परिचारिकेची सोबत, दुसऱ्या गटातील स्त्रियांना पट्ट्याची. पहिल्या गटात एकच परिचारिका खोलीभर खाटांमागे धावत होती, कारण प्रत्यक्षात ती तशीच धावते. दुसऱ्या गटात पट्टा आणि कळ यांचा मेळ जुळतो की नाही हे तपासायला प्रत्येक खाटेजवळ एक निरीक्षिका बसवलेली होती. कळ सुरू झाली, कळ संपली, एवढेच तिने नोंदवायचे. दोन्ही गटांचे निष्कर्ष सारखे आले. पट्टा म्हणजे परिचारिकाच, असे सिद्ध झाले. आणि मग पट्टे गावोगाव गेले. निरीक्षिका गेल्या नाहीत, कारण चाचणी संपली होती. पट्ट्याने एकट्याने परीक्षा कधी दिलीच नव्हती. त्याच्या शेजारी बसून दुसऱ्याच कुणीतरी पेपर सोडवला होता, आणि आपण तो सोडवतो आहोत हे तिलाही ठाऊक नव्हते.

चाचणीच्या जुन्या नोंदींत स्वराच्या खाटेपुढे जिचे नाव होते ती निरीक्षिका, कुंदा लांडगे, लातुरात एका प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने घेण्याचे काम करत होती. चाचणीचे नाव काढताच तिचा चेहरा उतरला.

“मी काही केलं नाही हो मॅडम. हात लावला नाही, बोलले नाही. सरांनी आम्हाला शिकवलंच होतं तसं. तुम्ही त्या खोलीत नाहीच असं समजून बसा, म्हणाले.”

“आणि जमलं?”

“काय?”

“नसणं.”

कुंदाने हातातली सुई बाजूला ठेवली. “नाही जमलं नीट. कळ त्यांना यायची नि पोटऱ्या माझ्या ताठायच्या. घरी गेले की सासूबाई विचारायच्या, काय गं, डोंगर चढून आलीस का? आता यावर काही कारवाई होणार का माझ्यावर?”

“उलट तुला बोलवायला आलेय. ती स्वरा पुन्हा बाळंत होणार आहे. येशील?”

“बटण दाबायला?”

“बसायला.”

“नुसतं बसायला हल्ली कोण ठेवतं मॅडम?” कुंदा म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली. “येते मी.”

परवानगी मागावी लागली, आणि ती मिळाली नाही. पट्ट्याच्या खोलीत दुसऱ्या कुणाचे शरीर असल्यास संवेदकांच्या कामात व्यत्यय येतो, असा नियम होता. ज्या चाचणीत प्रत्येक पट्ट्याजवळ एक शरीर सतत बसून होते, त्या चाचणीच्या आधारेच हा नियम केलेला होता. पण नियमांना आपल्या आईबापांची ओळख ठेवण्याची सवय नसते. माणिक उजागरे यांनी थेट सबनीसांना फोन लावला. ते त्यांचे मार्गदर्शक होते. माणिक यांच्या प्रबंधातली एकेक ओळ सबनीसांनी तपासली होती.

“माणिक, एक बाई म्हणते म्हणून?” सबनीसांचा स्वर नेहमीसारखा मृदू होता. “एकीचं सांगणं म्हणजे किस्सा. त्याला पुरावा म्हणत नाहीत.”

“सर, ज्याचा परिणाम मोजायचा ते सोडून बाकी सगळं दोन्ही गटांत सारखं हवं, हे मला तुम्ही शिकवलंत. पट्ट्याच्या गटात दर खाटेजवळ एक बाई जास्त होती.”

“ती निरीक्षिका होती. तो उपचार नव्हे. ते साधन.”

“स्वराला हे साधन परत हवंय, सर.”

“तू दमलीयस,” सबनीस म्हणाले. “थोडी रजा घे.”

स्वराला एका सकाळी कळा सुरू झाल्या. तिला खोलीत नेले, पट्टा बांधला, दार लावले. कुंदा लातूरहून पहिल्या गाडीने आली आणि दारापाशी अडवली गेली. व्हरांड्यात भिंतीवर एक पडदा होता, त्यावर आतली कळ रेषेच्या रूपाने दिसे. रेषा चढत जाई, माथ्यावर थरथरे, आणि उतरे. माणिक उजागरे पडद्याकडे पाहत होत्या. मग पडदा सोडून कुंदाकडे पाहू लागल्या. रेषा चढली की कुंदाची बोटे ओढणीत रुतत. रेषा उतरली की तिचा श्वास सुटे, मोठ्याने, व्हरांड्यातल्या लोकांनी वळून पाहावे इतक्या मोठ्याने. दार जाड होते. तो श्वास ज्या बाईसाठी होता तिच्यापर्यंत जाण्याची कोणतीही सोय त्या अद्ययावत इमारतीत नव्हती.

“हाक मारू का?” कुंदाने एकदा विचारले. “नुसतं ‘स्वरा’ म्हणून?”

रखवालदार म्हणाला, “ताई, आमची पण नोकरी हाय.”

जन्माच्या क्षणी नियमाप्रमाणे डॉक्टर आणि परिचारिका आत गेल्या. मुलगी झाली, ठणठणीत. आईही सुखरूप. मंडळाकडे जाणाऱ्या आकड्यांनुसार या बाळंतपणाला नाव ठेवायला जागा नव्हती. उलट पट्ट्याने आपल्या कामात एकदाही चूक केली नव्हती. दुसऱ्या दिवशी माणिक उजागरे यांनी स्वराला समाधानाचे प्रश्न विचारले, कारण ते विचारणे त्यांचे काम होते.

“कंबर फार दुखली?”

“नाही. पयल्यापेक्षा कमीच.” स्वराच्या कुशीत लेक झोपली होती. ती मात्र खिडकीबाहेर पाहत होती. “पट्टा चांगलाय. खोटं कशाला बोलू?”

“मग?”

“कळ गेली की कुणाला तरी सांगावं वाटायचं, गेली म्हणून. एवढंच. मी मान वळवायची, तर पंखा.” तिने लेकीच्या अंगावरचे दुपटे सारखे केले. “हिला पयल्यांदा बगितलं तवा मी काय म्हणले ठाऊक आहे का? ‘तू कुठं होतीस इतका वेळ?’ हिला म्हणले. ही तर माझ्याच पोटात होती.”

प्रश्नावलीत या उत्तराला जागा नव्हती. माणिक उजागरे यांनी ते लिहून घेतले नाही. त्या खूप वेळ नुसत्या खाटेजवळ बसून राहिल्या, आणि परिचर्येच्या आपल्या साऱ्या शिक्षणात ‘बसणे’ हा धडा कुठे होता ते आठवू लागल्या. विद्यार्थिदशेत एका वृद्ध परिचारिकेने त्यांना पहिल्याच दिवशी एका बाळंतिणीपाशी बसवले होते आणि ‘काय करू?’ या प्रश्नाला उत्तरच दिले नव्हते. तो कक्ष, ती उकळत्या पाण्याची वाफ, खाटेच्या कडेवरून आलेला आणि त्यांचे मनगट घट्ट धरणारा तो अनोळखी हात, हे सगळे त्यांना पुन्हा हवेसे वाटले.

आठवडा उलटायच्या आत त्यांनी मंडळाकडे तक्रार दाखल केली. तक्रार अशी की सबनीसांच्या चाचणीचा निष्कर्ष चाचणीतून निघत नाही. आणि मागणी अशी की आता तालुक्याच्या केंद्रांतली सोबतीच्या परिचारिकांची उरलीसुरली पदे काढण्याचा जो ठराव होऊ घातला आहे तो थांबवावा. मंडळाने चौकशी समिती नेमली. समितीचे लोक सभ्य होते. त्यांनी माणिक उजागरे यांचे म्हणणे ऐकून घेतले, त्यातल्या भावनेचा आदर केला, आणि भावना व पुरावा यांतला फरक त्यांना पुन्हा एकदा समजावून सांगितला. कुंदालाही बोलावले होते. खोलीत तू काय करत होतीस, असे विचारल्यावर ती घाबरून म्हणाली, “काही नाही साहेब.” समितीने हे उत्तर समाधानाने नोंदवून घेतले.

उरले ते सबनीस. अध्यक्षांनी त्यांना केवळ औपचारिकता म्हणून एकच प्रश्न विचारला: निरीक्षिका नसत्या तर निष्कर्ष तोच आला असता काय? ‘सांगता येत नाही’ एवढे म्हणून ते सुटू शकत होते. सगळ्यांची तीच अपेक्षा होती. माणिक उजागरे यांचीही होती, आणि त्यावर काय बोलायचे हे त्यांनी ठरवून ठेवले होते. सबनीसांनी समोरच्या टेबलाकडे पाहिले, मग कुंदाकडे. तिला त्यांनी बहुधा प्रथमच नीट पाहिले असावे. त्यानंतर त्यांनी जे निवेदन केले, ते समितीच्या इतिवृत्तात असे आहे:

“निरीक्षिका नसताना काय होतं, हे मला माहीत होतं. मोठ्या चाचणीच्या आधी मी एक लहान चाचणी घेतली होती, नुसत्या पट्ट्याची. बायका पट्टा सोडून टाकत. काही जणी तो तसाच लोंबकळत ठेवून, भिंत धरत धरत, माणसं असतील तिकडे चालत येत. मला वाटलं, बांधणीत दोष आहे. पट्टा कुणी सोडू नये म्हणून मोठ्या चाचणीत मी नोंदींच्या निमित्ताने प्रत्येकीजवळ एक बाई बसवली. त्यानंतर एकीनेही सोडला नाही. मी अहवालात लिहिलं की बांधणी सुधारल्यावर अडचण दूर झाली. बांधणी मी बदललीच नव्हती. ती लहान चाचणी मी कुठेही छापली नाही. त्या निरीक्षिका तिथे बसून काय करतात, हे मी त्यांना विचारलं नाही, कारण काहीही करू नका असं मीच त्यांना बजावलं होतं, आणि त्या आज्ञाधारक होत्या. मग जे काहीच करत नव्हतं ते माणूस मी उचलून नेलं, तेव्हा त्या खोलीतून मी नेमकं काय नेलं?”