रंग न धरणारा सदरा

कोंडीबाच्या दुकानात तुरटीचा एकच खडा उरला होता, आणि त्यावर हात पडले दोन. एक मिलमध्ये मागावर काम करणाऱ्या सिद्धनाथचा. दुसरा मनगटापर्यंत तांबडा.

"माझा हाय," सिद्धनाथ म्हणाला.

"खडा, का हात?" तिनं विचारलं.

सिद्धनाथला घाम फुटला. तसा त्याला कारण नसतानाही फुटायचा. इथं तर चांगलं टपोऱ्या डोळ्यांचं कारण समोर उभं होतं. महिपती रंगाऱ्याची मुलगी वच्छला होती ती.

"आमाला तुरटी लागती सुतानं रंग धरावा म्हणून," ती म्हणाली. "तुमाला कशाला?"

"कापडानं पाणी धरू न्हाई म्हणून."

वच्छला हसली नाही. त्यामुळं तो आणखी घाबरला आणि घाबरून सगळंच सांगत सुटला... कापड आधी साबणाच्या पाण्यात बुडवायचं, मग तुरटीच्या. वाळलं की ते अळूच्या पानासारखं होतं. पाणी वर थांबतच नाही, मोती होऊन पळतं.

"म्हंजे एकाच खड्यानं आमी चिकटवायचं आन तुमी पळवायचं," ती म्हणाली. "लई जुळतंय की आपलं."

कोंडीबानं वजनाच्या मापानं खडा फोडला. मोठा तुकडा तिनं उचलला आणि गेली.

त्यानंतर सिद्धनाथच्या घरची तुरटी सारखीच संपू लागली. रांजणात इतकी तुरटी पडली की पाणी निवळून दिसेनासं झालं, आणि आई भरला रांजण रिकामा समजून परत भरू लागली. त्यानं वडलांचा पंचाही बुडवून काढला. वडील त्या दिवशी अंघोळ करून दुपारपर्यंत अंग पुसत बसले होते. पण वच्छला दुकानात भेटायची... भुवई उचलून "काय, पळालं का पाणी?" विचारायची... आणि सिद्धनाथला वाटायचं, आपण सोडून सगळं पळालं तरी चालेल.

मग एक दिवस ती भुवई न उचलताच बोलली. "मोहोळचं स्थळ आलंय. पंचमी झाली की आबा शब्द देनार."

सिद्धनाथनं हातातला खडा खाली ठेवला. "आन... तुमी?"

"मला कोन इच्यारलंय?"

"मी इच्यारतोय की."

तिनं तांबड्या नखांकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "आमच्या घरी रीत हाय. रंगपंचमीला गल्लीवर बाजारचा रंग टाकायचा. हौदातला पक्का रंग फकस्त हुनाऱ्या जावयावर. आमच्या सज्ज्याखालनं जावा. म्या तपेली वतली आन रंग धरला, तर आबा मोहोळला न्हाई म्हनतील. रंगाऱ्याचा इस्वास रंगावरच."

"येतो," सिद्धनाथ म्हणाला.

गोंधळ असा, की त्याच सकाळी तो आणखी एकाला 'येतो' म्हणाला होता. सिद्धलिंगप्पा हे कापसाचे व्यापारी. अवकाळी पावसात स्टेशनावर त्यांच्या गाठी भिजायच्या. ते म्हणाले होते, "पंचमीला तुझ्या कापडाचे कपडे घाल. रंगाच्या गाड्यांपुढनं चाल. कोरडा राहिलास, तर माझ्या गाठींवरची सगळी आच्छादनं तूच करायची."

दोन्ही 'येतो' एकाच दिवसाचे आहेत, हे सिद्धनाथच्या ध्यानात आलं ते पंचमीला सदऱ्याची शेवटची गुंडी लावताना. तोवर सिद्धलिंगप्पा छत्री घेऊन दारात उभे होते.

रस्त्यानं बैलगाड्यांवरच्या पिंपांतून रंग उडत होता. लोक हिरवे होते, बैल गुलाबी होते, आणि मध्ये सिद्धनाथ बगळ्यासारखा पांढरा. तोंडावर ओघळ येऊ नये म्हणून पटक्याचं टोक त्यानं पन्हाळीसारखं पुढं काढलं होतं. "वा," सिद्धलिंगप्पा दर दहा पावलांना त्याच्या पाठीवर बोट फिरवून म्हणत. प्रत्येक 'वा'ला त्याचं काळीज एक पायरी खाली जाई.

रंगाऱ्याचा सज्जा आला. वच्छला वर उभी होती. शेजारी तिचे आबा, हाताची घडी घालून. तिनं खाली पाहिलं... आणि तपेली उपडी केली.

तांबडा रंग सदऱ्यावर पडला, थेंब थेंब झाला आणि टपाटपा रस्त्यावर उतरून गटाराला लागला. सदरा पांढरा तो पांढराच.

"वा," सिद्धलिंगप्पा म्हणाले.

वच्छलाच्या हातातली तपेली तशीच राहिली. तिचा चेहरा बघवेना. आबा घरात जायला वळले.

"आबा, थांबा," सिद्धनाथ म्हणाला. त्यानं पटका काढला. सदऱ्याच्या गुंड्यांना हात घातला.

"सदरा काढलास तर आपलं ठरलेलं मोडलं," सिद्धलिंगप्पा म्हणाले.

त्यानं सदरा इतक्या घाईनं ओढला की दोन गुंड्या तुटल्या. सदरा त्यानं शेठच्या छत्रीवर टाकला आणि नुसत्या आतल्या बंडीवर उभा राहिला, भर गल्लीत.

आबा वाकले. "बंडीला लावलंय का काय?"

"न्हाई. ही साधी हाय."

वच्छला सज्ज्यातून नाहीशी झाली. किती वेळ गेला कोण जाणे... तेवढ्यात सिद्धनाथनं मनातल्या मनात मोहोळच्या वरातीतला बँडसुद्धा ऐकला. मग खालचं दार उघडलं. ती भरली तपेली घेऊन समोर आली, एका हाताच्या अंतरावर.

"डोळं मिटू नगा," ती म्हणाली.

गार रंग छातीवर पडला आणि पसरत गेला. बंडी उन्हात सुकत आली तेव्हा आबा खाली आले. अंगठ्यावर थुंकी घेऊन त्यांनी बंडी चोळली, जशी ते सुताची लड चोळत. अंगठा बघितला. कोरा होता, रंग सुटला नव्हता. ते आत गेले, आणि आतून त्यांचा आवाज आला, मोहोळला निरोप न्यायला कोण रिकामं आहे म्हणून.

मागं सिद्धलिंगप्पांनी छत्री मिटली होती. ते स्वतःच सदरा चढवून रंगाच्या गाडीपुढं जाऊन उभे होते आणि पिंपवाल्याला आणखी ओत म्हणत होते.

"घरी... घरी काय सांगू म्या?" सिद्धनाथनं विचारलं.

"सांगू नगा कायबी," वच्छला म्हणाली. "नुसतं असंच जाऊन उभं ऱ्हावा."